माणिकचं मडकं

१

माणिक मेली त्या सकाळी गल्लीत गणपती येत होते.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या अंगाला माळ्यांची गल्ली. तिथं सहदेव माळ्याचं दोन खोल्यांचं घर. चतुर्थीला फुलांचा मोठा बाजार, म्हणून सहदेव पहाटेच टोपल्या घेऊन गेलेला. त्याची बायको पार्बताबाई आदल्या दिवशीच्या हरतालिकेची वाळूची गौर नदीत शिरवायला गेली होती. ती परत आली आणि तिचा हंबरडा ऐकून पहिली धावली ती समोरच्या घरातली नसीमबानो.

नसीमबानो दवाखान्यात सुईण होती. पंचावन्न वर्षांची, विधवा, फाटक्या तोंडाची. गल्लीतली अर्धी पोरं तिच्या हातावर जन्मलेली, माणिकसुद्धा. बाळ बाहेर काढायला तिचे हात चालत. नंतर ते हात धुवायला पाणी मात्र लांबून, वरून ओतत. साल १९४६. कलकत्त्याच्या दंग्याच्या बातम्या आल्यापासून ते पाणी आणखी उंचावरून पडू लागलं होतं.

माणिक खाटेवर कुशीला पडली होती, गुडघे पोटाशी घेऊन. वय सतरा. नाडी नव्हती. नसीमबानोनं पापण्या उघडल्या. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा. तो तर जन्माचाच. मधली काळी बाहुली बारीक, नेहमीएवढी. ओठ फुटलेले, कोपऱ्यांत पांढरी पापुद्री, जीभ टाळूला चिकटलेली. नसीमबानोनं हातानं डोळे मिटवले. खाटेपाशी काळं मडकं होतं, काठोकाठ भरलेलं. पाण्यावर एक मेलेलं चिलट आणि धुळीची साय.

या घरातल्या दोन्ही पोरींना एकच रोग. हाडं आतून ठणकायची, डोळे पिवळे, अंगात रक्त टिकत नसे. गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या डॉक्टर उत्तमरावाच्या बाटल्या पिऊन पिऊन माणिक उठेना, तेव्हा सहदेवानं नदीपलीकडच्या मैनाबाईला बोलावलं. ती कसल्याशा पाल्याचा रस द्यायची. दीड वर्षात माणिक बाजारात टोपली घेऊन बसू लागली. उत्तमरावाचे निम्मे रोगी मैनाबाईकडे गेले, आणि तो ते विसरला नव्हता.

तोच उत्तमराव आता आत आला. पार्बताबाईनं कोनाड्यातली काशाची कटोरी त्याच्या हातात दिली.

"हे पाहा डॉक्टरसाहेब. मैनेनं काल सकाळी रस देल्ला होता. पोट्टी सांजेले प्याली. अन् हे पाहा, बुडाले काय हाये."

कटोरीच्या आतून हिरवा थर वाळून बसला होता. उत्तमरावानं ती तिरपी केली. चार-पाच चपट्या बिया खडखडत एका बाजूला गेल्या.

"धोत्रा," उत्तमराव म्हणाला. मग त्यानं माणिकचं तोंड बोटानं उघडलं. "कोरडं ठणठणीत. धोत्र्याचं विष असंच तोंड सुकवतं. हा खून आहे, पार्बताबाई."

दारात धाकटी बेबी उभी होती. तेरा वर्षांची. काल दुपारीच ती चाळणी परत करायला नसीमबानोकडे आली होती. ईदचा शीरखुर्मा उरला होता. नसीमबानोनं वाटीभर पुढे केला तर नको म्हणाली. रांजणातलं पाणी मात्र तीन लोटे उभ्या उभ्या प्याली आणि पळाली.

फौजदार येईपर्यंत चिता विझत आली होती. त्यानं कटोरी कागदात गुंडाळली आणि मैनाबाईला झोपडीतून उचललं. गल्लीला बरं वाटलं. कोणीतरी सापडलं की गल्लीला बरं वाटतंच, आणि सापडणारं नदीपलीकडचं असलं तर जास्तच.

२

फौजदार किसनराव चौकीत पान लावत बसला होता.

"काय नसीमबी, कोनाचं बाळंतपन अडलं?"

"तुमच्या डोक्याचं, साहेब. कालपासून कळा येऊन राहिल्या, बाहेर काई निघून नाई राहिलं."

किसनराव हसला. हसला म्हणूनच तिला आत बसू दिलं.

"धोत्र्याच्या बिया आहेत, डॉक्टरची चिठ्ठी आहे. परवा हिले मॅजिस्ट्रेटपुढे उभी करतो, कटोरी जाते नागपूरले. तपासून याले तीन महिने. तवरिक आत."

"कटोरी पाहू द्या."

"हात नको लावू." त्यानं कागद सोडून कटोरी तिच्यापुढे हलवली. बिया खडखडल्या. नसीमबानो वाकून पाहत राहिली.

मैनाबाई कोठडीच्या गजांना पाठ लावून बसली होती. साठीची, काटक. तिच्या हातचा रस चाले, हात चालत नसे. ती आपल्या लोट्यातून रस वरून ओतायची आणि घरची बाई आपली कटोरी खाली धरायची.

"मैना, रस गाळून देते का तू?"

"तीन पदरी फडक्यातून. चोथा पोटात गेला त पोट्टीले ओकारी येते. बिया टाकून देईन का मी? येडी हाव का?"

"कोन्या पाल्याचा रस हाये?"

मैनाबाईनं मान हलवली.

"सांग ना बाई. पाला कोनता ते सांगतलं त साहेबाच्या टकुऱ्यात उजेड पडन."

"गुरूनं शपथ घातली हाये. दवाईचं नाव घेतलं का तिचा गुण जाते."

"फासावर जाशीन."

"मंग गुण घेऊन जाईन." मग ती गजांकडे वळली. "माहं सोड. बेबीकडं पाय. माह्या दवाईत दोन गोष्टी हायेत. सकाळी रस, अन् खाटेपाशी मडकं. दिवा लागाच्या आंधी मडकं रिकामं झालं पाह्यजे. मी रोज सांजेले जाऊन सोता उपडं करून पाहते. आता कोन पाहीन? थे पोट्टीही जाईन, बी. मोठीसारखीच जाईन."

"हरतालिकेच्या सांजेले पाहिलं होतं?"

"गेली होती. पार्बतानं दारातूनच वापस धाडलं. म्हने पूजा मांडली हाये, तुही सावली पडन."

नसीमबानो उठली. "तुह्याशी कोनाचं वाकडं?"

"उत्तमरावाचं हायेच. अन् थो अमरावतीचा वामनराव डॉक्टर. पोट्ट्याहीचं रक्त काचेवर घेऊन गेलता. सोमवारी आलता, पाल्याचं नाव सांग म्हने. म्या हाकलला. जाता जाता म्हने, तुह्यापासून काढून घेतल्याशिवाय राहत नाई."

३

दुसऱ्या दिवशी नसीमबानो गाडीत बसली. मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ थांबली. आभाळ खाली आलं होतं, फलाटावर चिखल. याच गावच्या एका घरानं चैत्रात माणिकला नाकारलं होतं. पोरगी पाहिली, गाणं म्हणायला लावलं, पोहे खाल्ले, आणि जाताना म्हणाले, हिचे डोळे असे कसे. त्या दिवसापासून पार्बताबाई देवांच्या मागे लागली होती. नसीमबानोला ते आठवलं आणि ती खिडकीबाहेर थुंकली.

बडनेऱ्याला गाडी बदलून ती अमरावतीला उतरली. राजापेठेत वामनरावाचा दवाखाना. माणूस चाळिशीचा, हाडकुळा, कपाळावर सदा आठ्या.

"तुमी सोमवारी मैनाबाईशी भांडले."

"भांडलो. परत भांडेन. बाईच्या हातात काहीतरी आहे आणि ती ते दाबून ठेवते. कोण तुम्ही?"

"माणिकची सुईण. माणिक मेली. मैनाबाई कोठडीत हाये."

वामनराव खुर्चीत बसला. त्यानं चष्मा पुसला. मग एक काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. "या. पाहा."

नसीमबानोनं डोळा लावला. गोल गोल टिकल्या. आणि त्यांत कितीतरी वाकड्या, टोकदार.

"विळे दिसते."

"विळेच. हे माणिकचं रक्त. बेबीचंही असंच. मोठे डॉक्टर मला सांगतात, हा रोग आफ्रिकेतला, आपल्याकडे नाही. त्यांनी वऱ्हाडातलं खेडं मोटारीतून पाहिलेलं. हे विळे बारीक नसांत अडकतात. अडकले की हाडं ठणकतात. छातीत अडकले की माणूस जातो."

"कवा अडकते?"

"तापात, थंडीत, अंगातलं पाणी आटलं की. माझ्याकडे एकतीस रोगी आहेत. त्यांतले मैनाबाईचे बारा कमी दुखतात. का, ते मला समजत नव्हतं. म्हणून तिच्या खलातला चोथा मी गुपचूप उचलून आणला. चोरीच म्हणा." त्यानं पुडी उघडली. सुकलेली हिरवी पानं, एका देठावर तीन-तीन.

नसीमबानोनं पान चोळून हुंगलं. "हा त तुरीचा पाला हाये."

"तुरीचाच. बैल खातो तो. उद्या तिनं तसं सांगितलं तर कोण पिणार? शपथ वगैरे ठीक आहे, पण हेही तिला कळतं. हुशार बाई आहे." तो थांबला. "आता मला विचाराल, तुरीच्या पाल्यानं विळे सरळ होतात का. मला ठाऊक नाही. पाल्यानं बरं वाटतं की रोज मडकंभर पाणी पिण्यानं, तेही ठाऊक नाही. पाच वर्षं मोजीन आणि मग सांगेन. आज सांगणारा खोटारडा."

"धोत्र्यानं मेलं त डोळे कसे दिसते?"

"बाहुली फाकते. डोळा सगळा काळा दिसतो. आणि माणूस निपचित पडत नाही. बरळतो, हवेत हात मारतो, पाणी पाणी करतो. घरात असा माणूस असला तर गल्ली जागी होते."

गल्ली जागी झाली नव्हती. आणि ते डोळे नसीमबानोनं स्वतःच्या हातानं मिटवले होते.

४

ती अकोल्याला परतली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. गल्लीत आरतीची तयारी चाललेली आणि सहदेवाच्या घरातून बेबीचं कण्हणं ऐकू येत होतं. दोन्ही गुडघे धरून पोरगी खाटेवर तळमळत होती. उशाशी उत्तमरावाची लाल बाटली. तिचं मडकं दूर कोपऱ्यात, झाकलेलं.

"पार्बता, तिले पानी दे."

"डॉक्टर म्हनते, पानी थंड पडते, छाती भरन. दोन घोट औशध दे म्हनते, बस."

"दोन घोट? अवं, तिच्या ओठांकडं पाय."

पार्बताबाईनं पाहिलं नाही. दोन दिवस तिनं कोणाच्याच तोंडाकडे पाहिलं नव्हतं.

नसीमबानो ओठ पाहत होती. असे ओठ ती रमजानचा सारा महिना स्वतःच्या तोंडावर वागवत आली होती. दुपार उलटली की हेच फुटलेले कोपरे, हीच पांढरी पापुद्री. माणिकच्या ओठांवर तिनं हेच पाहिलं होतं. विषानं तोंड सुकतं, खरं आहे. पण तोंड सुकायला विषच लागतं असं कुठं आहे.

मग तिला शीरखुर्म्याची वाटी आठवली. भुकेली पोरगी गोड नको म्हणते आणि तीन लोटे पाणी पिते. घरात तिच्या नावाचं भरलेलं मडकं असताना.

नसीमबानो तशीच चौकीत गेली.

"साहेब, कटोरी घ्या अन् चला. वाटेत उत्तमरावालेही घ्या."

"खुनी सापडला का बी?"

"खुनी नाई सापडला. बिया टाकनारा हात सापडला."

५

अंगणात पाच माणसं उभी होती: किसनराव, उत्तमराव, सहदेव, पार्बताबाई आणि नसीमबानो. दाराच्या आत बेबीची खाट.

"साहेब, कटोरी हलवा," नसीमबानो म्हणाली.

बिया खडखडल्या.

"रसात बिया असत्या, रस पिऊन झाला असता, अन् बुडचा रस वाळला असता, त बिया त्यात चिकटल्या असत्या. वाळल्या भाताच्या शितासारख्या. नखानं काढा लागल्या असत्या. ह्या सुट्या हायेत. म्हंजे रस आंधी वाळला, बिया मंग पडल्या. अन् मैना तीन पदरी फडक्यातून गाळते. फडक्यातून बी येते का, डॉक्टरसाहेब?"

उत्तमराव म्हणाला, "तोंड कोरडं होतं. मी स्वतः पाहिलं."

"अन् डोळे? म्या पाहिले. बाहुली बारीक होती. धोत्र्यानं डोळा फाकते का नाई?"

"फाकते," उत्तमराव म्हणाला. "पण ते ऐकायचं कोणाकडून? सुईणीकडून?"

"ज्यानं पाहिलं त्याच्याकडून. तुमी पाहिलं नाई." ती किसनरावाकडे वळली. "बिया कोनी टाकल्या? सहदेव पहाटेपासून बाजारात. वामनराव अमरावतीत. मैनेले आधल्या सांजेपासून घरात पाय नाई ठेवू देल्ला. डॉक्टर आले तवा कटोरी कोनाड्यात होती, बियांसकट त्याहीच्या हातात देल्ली. मी तठीच उभी होती. अन् धोत्रा कुठून? हरतालिकेच्या पत्रीतला. महादेवाले वाहाचा. हे घर पत्रीच विकते."

सहदेवानं बायकोकडे पाहिलं. ती मातीकडे पाहत होती.

"पन तिनं पोट्टीले मारलं नाई," नसीमबानो म्हणाली. "माणिक विषानं मेली नाई. मडकं भरलेलं होतं, साहेब. काठोकाठ, वरून धुळीची साय. विषानं जळनारं लेकरू उशाशी पानी ठेवून तसंच राहते का? आधल्या सकाळपासून त्या मडक्याले कोनी हात नाई लावला. माणिकनं निर्जळी उपास धरला होता. रसही नाई, पानीही नाई. तिच्या रक्तात विळे हायेत. पानी आटलं का थे विळे छातीत अडकते."

लांब कुठंतरी झांजा वाजत होत्या.

पार्बताबाईनं मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते.

"हो. धरला उपास. म्या धराले लावला. मूर्तिजापूरच्याईनं वापस केली माही पोट्टी. गौरीचा उपास नाई धरला त नवरा कुठून भेटन? रस म्या केळीच्या बुडाशी ओतला. रसानं उपास मोडते. एक दिवसाचा त उपास. साऱ्या दुनियेच्या पोरी धरतात." तिचा आवाज चढला. "अन् बेबीनंही धरला. तिचंही रक्त तसंच हाये म्हनता ना? मंग थे काहून नाई मेली? सांग ना, नसीमबी. थे काहून जिती हाये?"

उत्तमरावाच्या चेहऱ्यावर जीव आला. "बरोबर आहे. दोघींचा एकच रोग, एकच उपास. एक मेली, एक जगली. मग उपासानं मेली कशावरून?"

किसनराव नसीमबानोकडे पाहू लागला. उत्तर तिच्यापाशी होतं. एका वाक्याचं होतं. ते बोललं की मैनाबाई सुटत होती, आणि ते बोललं की या गल्लीत, या दिवसांत, माळ्याच्या पोरीचं पुढं काय होईल तेही तिला ठाऊक होतं.

"बोल ना बी," किसनराव म्हणाला.

"मले नाई सांगाचं."

आतून खाट करकरली. बेबी भिंत धरत दारात आली. एकेक पाऊल टाकताना तिचा चेहरा वाकडा होत होता.

"म्या उपास मोडला," ती म्हणाली. "दुपारी नसीमखालाच्या घरी गेली. रांजनातलं पानी पेलं. तीन लोटे. दिवे लागाच्या येळी परसातून जाऊन अजून पेलं." तिनं आईकडे पाहिलं. "माणिकलेही म्हनलं, चाल. थे म्हने, आईनं पाहिलं त तिले वाईट वाटन. सकाळी तिची छाती दुखत होती. म्या माह्या मडक्यातलं पानी देल्लं, नाई पेली. म्हने गौर शिरवून आई येऊ दे. आईच्या हातानं उपास सोडीन."

पार्बताबाई खाली बसली. नदीवर तिला त्या दिवशी उशीर झाला होता. बायका गाणी म्हणत होत्या, तीही म्हणत होती.

ती म्हणाली, "बिया म्या टाकल्या. आली त पोट्टी गार पडत होती. मडकं तसंच. सारी गल्ली म्हनली असती, गौरीच्या दिवशी मायनंच मारली. मैनेचं कोन हाये? तिले कोनी रडनार नाई, असं वाटलं मले."

६

मैनाबाईला त्याच संध्याकाळी सोडलं. किसनरावानं पार्बताबाईचा जबाब लिहून घेतला, अंगठा घेतला आणि तिला चौकीत न नेता निघून गेला. पुढं खटला व्हायचा तो झाला. निकाल काय लागला हे गल्लीला विचाराल तर प्रत्येक जण वेगळं सांगेल. बेबीनं मुसलमानाघरचं पाणी प्यायलं एवढंच त्यांना पक्कं आठवतं.

सुटून आल्यावर मैनाबाई झोपडीत गेली नाही. आधी सहदेवाच्या घरी आली. सावलीचं नाव कोणी काढलं नाही. बेबीच्या खाटेपाशी बसून तिनं ओच्यातून हिरव्या डहाळ्या काढल्या.

"हे पाय पोट्टी. तुरीचा पाला. देठाले तीन पानं. मुठीभर घ्याचा, वाटाचा, तीन पदरी गाळाचा."

नसीमबानो दारात उभी होती. "मैना, शपथ मोडली तू. गुण गेला ना."

"गेला त गेला," मैनाबाई म्हणाली. "पानी त कोठं जात नाई."

बेबीचा ठणका चौथ्या दिवशी उतरला. कशानं, ते वामनरावानं अजून लिहिलेलं नाही.

त्यानंतर रोज सांजेला, दिवा लावायच्या आधी, पार्बताबाई बेबीचं मडकं घेऊन गल्लीत येते. नसीमबानोच्या दारापुढे ते उपडं करते. थेंब पडला नाही की नसीमबानो मान हलवते, आणि पार्बताबाई परत जाते. दोघी बोलत नाहीत.

माणिकचं मडकं अजून खाटेखालीच आहे. भरलेलं. ते ओतायला त्या घरात कोणाचा हात उचलत नाही.